मामाची कुपी

निखिलने सरळ सोनाराकडे जाऊन चांदीची वाटी आणली असती, तर मला आज हे सांगत बसावं लागलं नसतं. पण निखिलला सरळ काही करताच येत नाही. निखिल म्हणजे सिद्धीचा धाकटा भाऊ, आणि सिद्धी म्हणजे माझी भावजय. तो असतो मोठ्या प्रवासी बोटीवर. सुटीवर गोव्यात पेडण्याला आला की अंगाला परदेशी वास आणि तोंडात परदेशी गप्पा. माणूस वाईट नाही. फक्त चारचौघांसारखं वागलं तर आपली किंमत कमी होईल अशी त्याला भीती वाटते.

मी तारा. सिद्धेशची मोठी बहीण. लग्न केलं नाही, साखळी गावच्या शाळेत शिकवते, आणि कारापूरच्या घरात माई, सिद्धेश, सिद्धी आणि त्यांचं बाळ यांच्याबरोबर राहते. माई म्हणजे आमची आई, सुशीला. मी फटकळ आहे असं गावात म्हणतात, आणि ते खोटं नाही.

बाळाचं नाव निहार. त्याच्याआधी सिद्धीचे दोन जीव पोटातच गेले होते. तिसऱ्या वेळी आम्ही घरात मोठ्याने बोलतसुद्धा नव्हतो. तो जन्मला, रडला, आणि माईने त्या दिवशी देवाला जे हात जोडले ते पुढे कितीतरी दिवस सोडलेच नाहीत. म्हणजे हाताने कामं करायची, पण तोंडाने चाललेलंच असायचं.

तर निहारच्या उष्टावणाचा दिवस. आमच्याकडे बाळाला पहिला घास मामा भरवतो, आणि तो मामाने आणलेल्या चांदीतूनच. गरिबातला गरीब मामासुद्धा निदान एक चमचा तरी आणतो. घर माणसांनी भरलं होतं, खिरीचा वास सुटला होता, आणि निखिलने खिशातून मखमलीची डबी काढली. तिच्यातून निघाली एक कुपी. तळहातात मावेल एवढी. चांदीची, पोटाशी गोल, मानेशी निमुळती. अंगावर गडद निळं मीनाकाम आणि त्यात पांढरी बारीक फुलं. बिजागरीचं झाकण उघडलं की आत काचेचं इवलंसं बूच. झाकणावर दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली, कुणाच्या नावाची ते देव जाणे.

"व्हिक्टोरिया राणीच्या काळातली आहे ही," निखिल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मोठ्या घरच्या मडमा हिच्यात अत्तर भरून जवळ ठेवायच्या. इंग्लंडच्या जुन्या बाजारात मिळाली. अशी वस्तू अख्ख्या डिचोलीत कुणाकडे असली तर दाखवा!"

माईने कुपी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "बरी आसा. पूण वाटी खंय?"

निखिलचं तोंड एवढंसं झालं. त्याच्यापेक्षा सिद्धीचं जास्त. सासरच्या माणसांसमोर माहेरची उणीव निघाली की बाईच्या जिवाचं काय होतं ते बाईलाच माहीत. मी तोंड उघडणार होते, पण माईनेच सावरून घेतलं. तिला सुनेचा पडलेला चेहरा बघवायचा नाही.

"वाटी न्हय तर कुपी," ती म्हणाली. "मामाचें रुपें भुरग्याच्या तोंडाक लागल्यार जालें." म्हणजे मामाची चांदी बाळाच्या तोंडाला लागली की झालं.

खीर काही त्या बारक्या तोंडातून उतरली नसती. मग माईने कुपी गरम पाण्याने विसळली, तिच्यात पाण्यात कालवलेला मध घातला आणि निखिलच्या हातात दिली. त्याने दोन थेंब निहारच्या जिभेवर सोडले. निहारने ओठ चाटले, क्षणभर विचार केला आणि पुन्हा तोंड उघडलं. सगळे हसले.

सगळे म्हणजे शेजारची शांता सोडून. तिच्या पोटात काही राहत नाही. "मेल्ल्या बायलेची वस्त ती," ती पदर सावरत म्हणाली. "कोण खंयची, कशी मेली, कोणाक खबर?"

सिद्धीने तिच्याकडे अशी नजर टाकली की शांता खीर अर्धी ठेवून उठली.

त्या दिवसापासून कुपी माईच्या ताब्यात गेली. सिद्धी बँकेत कामाला, सिद्धेश सुर्ल्याच्या खाणीवर, मी शाळेत. दिवसभर निहार माईचा. संध्याकाळी माई काळ्या मनुका भिजत घालायची, कुस्करून पाणी गाळायची, त्यात चमचाभर मध घालायची आणि ते कुपीत भरून देवघरात ठेवायची. रात्रभर रुप्यात मुरलेलं पाणी बाळाच्या हाडांना चांगलं, पोटाला थंड आणि बुद्धीला तेज देणारं, हे तिला तिच्या आईने सांगितलेलं. सकाळ झाली की दोन थेंब, दुपारी दोन, मध्येच किरकिरला तर आणखी दोन. निहारला त्याचं वेडच लागलं. माईच्या हातात निळं काही दिसलं की तो मान वर करून आ वासायचा. मी तिला चिडवायची, "माई, नातू तुझो न्हय, त्या मडमेचो."

थोड्या आठवड्यांनी निहार बिघडायला लागला. एकदम नाही. आधी त्याला परसाकडे होईना. मग तो दूध टाकायला लागला. रात्री दचकायचा, दिवसा कण्हायचा. हसरं पोर, पण गाल उतरले आणि ओठांचा रंग गेला. पोट साफ नाही म्हणून माईने मनुकांचं पाणी वाढवलं. त्याला आणखी त्रास व्हायला लागला, तिने आणखी वाढवलं. रोज संध्याकाळी मीठ-मिरच्या ओवाळून दिष्ट काढायची, आणि मिरच्यांचा ठसका आला नाही की म्हणायची, "पळय, केदी व्हड दिष्ट!"

डिचोलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. अंगात रक्त कमी आहे म्हणाले आणि लोहाचं औषध दिलं. घरी आल्यावर माईने ते प्लास्टिकच्या बाटलीतून काढून कुपीत ओतलं. प्लास्टिकवर तिचा विश्वास नव्हता.

तेव्हाच कधीतरी शांताचं बोलणं माईच्या डोक्यात परत आलं. एका सोमवारी तिने कुपी रिकामी केली, फडक्यात गुंडाळली आणि म्हणाली, "हांव देवीक कौल लायतां."

सिद्धी भडकली. "माई, एवढी शिकली-सवरलेली माणसं घरात आणि तुम्ही बाटलीत भूत शोधताय? माझ्या भावाने दिलेली वस्तू आहे ती."

"तुज्या भावाक कोण कितें म्हणटा? हांव फकत विचारतलें."

शेवटी मीच माईबरोबर गेले, कारण ती एकटी गेली असती तर वाटेत शांताला घेऊन गेली असती. आमच्या ग्रामदेवीला कळ्यांचा कौल लावतात. गुरवाने मूर्तीच्या अंगाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या, कुपी पायाशी ठेवली आणि गाऱ्हाणं घातलं. ह्या परक्या वस्तूबरोबर कुणी परका जीव घरात शिरला असेल आणि लेकराला पीडत असेल, तर डावी दे. नसेल तर उजवी दे आणि लेकराला सांभाळ. माईचा हात माझ्या हातात होता. मग उजवीकडची कळी सुटली आणि खाली आली.

माई तिथेच रडली. गुरवाने कुपीवर तीर्थ शिंपडलं, अंगारा लावला. परत येताना तिने ती पोटाशी धरली होती.

मी देवीला दोष देत नाही. तिला विचारलं होतं की कुपीत कुणाचा जीव आहे का. नव्हताच. देवी खरंच बोलली.

त्या दिवसानंतर कुपीवर संशय घ्यायची कुणाची छाती नव्हती. सिद्धीला आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान, माईला देवीचा शब्द. दोघी पहिल्यांदाच एका बाजूला झाल्या. आणि निहार माझ्या डोळ्यांदेखत सुकत चालला. आधी तो उशीला टेकून बसायचा, आता कलंडायला लागला. मला भीती वाटायची. शाळेत फळ्यावर लिहितानासुद्धा फोन वाजेल की काय म्हणून कान दाराकडे असायचे.

फोन आला तो भर दुपारी. निहारला झटका आला होता. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. सिद्धेशने त्याला तसाच गाडीत घालून बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. मी पोचले तेव्हा सिद्धी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती आणि माईच्या पदराला निहारची उलटी लागलेली होती. ती तिने पुसली नव्हती.

तिथल्या डॉक्टर ज्योती मूळच्या बेळगावच्या. बोलायला सौम्य, पण नजर फार बारीक. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर त्यांनी आम्हाला बाजूला घेतलं.

"बाळाच्या अंगात शिसं गेलंय," त्या म्हणाल्या. "बरंच गेलंय. ते बाहेर काढायचं औषध सुरू केलंय. पण ते येतंय कुठून हे तुम्ही शोधायला हवं. जुना रंग, काजळ, पितळेची भांडी, कल्हई, बॅटरी, स्वस्तातली खेळणी. घरात असं काय आहे?"

"आणि बुद्धीवर?" मी विचारलं. शिक्षिका ना मी.

"ते तो मोठा झाल्यावरच कळेल," त्या म्हणाल्या. सिद्धीने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आपण विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

सिद्धेशने सगळा दोष स्वतःवर घेतला. खाणीची तांबडी धूळ अंगाला, केसांना, बुटांना. रोज घरी आल्याआल्या तो निहारला उचलायचा. डॉक्टर म्हणाल्या की लोखंडाच्या खाणीतून शिसं असं येत नाही, पण त्याला पटलं नाही. त्याने निहारला हात लावणंच सोडलं. हॉस्पिटलच्या काचेच्या दारातून बघत उभा राहायचा. मी म्हटलं, "अरे, आत वच." तर म्हणे, "नाका ताई. माज्या हाताक लागलां." एवढा मोठा बाप्या, आणि हात पाठीमागे लपवून उभा.

औषधाने निहार सुधारला. झटके थांबले, दूध टिकायला लागलं. माईला हॉस्पिटलात खाण्याचं काही आणायची मनाई होती, त्यामुळे ती नुसती पायाशी बसून असायची. इकडे सिद्धेशने घर रिकामं केलं. काजळाची डबी गेली, खेळणी गेली, माईची पितळेची भांडी माळ्यावर गेली. जनेलांचा, म्हणजे खिडक्यांचा, जुना रंग त्याने स्वतः खरवडला आणि नवा दिला. माझ्या शिसपेन्सिली फेकल्या. त्यांत शिसं नसतं हे मी त्याला सांगितलं, पण ऐकतो कोण? सगळं झाल्यावर त्याने माईला बजावलं, "बाबूक आतां दिवचें तें फकत रुप्यांतल्यान. आनीक कसलेंच आयदन नाका."

माईने मान डोलावली. चांदीशिवाय दुसरं भांडं नको, हे तिला वेगळं सांगायची गरजच नव्हती.

निहार घरी आला त्या दिवशी तिने त्याला दारात ओवाळलं, मांडीवर घेतलं आणि कुपीचं झाकण उघडलं. तो ते बघून खिदळला. कितीतरी दिवसांनी खिदळला. आम्ही सगळे तिथे उभे होतो. सिद्धेशच्या डोळ्यांत पाणी आलं. मीसुद्धा हसले.

आता दूध, पाणी, औषध, सगळंच रुप्यातून. वाटी तर आलीच, सिद्धेशने नवीन आणली, पण मनुकांचं पाणी आणि औषधं ह्यांच्यासाठी कुपीच. पुन्हा त्याचं पोट अडलं. पुन्हा कण्हणं सुरू झालं. ह्या वेळी सगळं भराभर झालं. आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. सिद्धेश तर अंगणातच झोपायला लागला.

तो रविवार होता. सकाळचे पाव पोदेर, म्हणजे पाववाला, नुकतेच देऊन गेला होता. लोहाचं औषध कुपीच्या तळाशी घट्ट बसलं होतं, म्हणून सिद्धी ती धुवायला मोरीपाशी घेऊन गेली. तिने काडीला कापूस गुंडाळून आत फिरवला. कापसाबरोबर एक खपली बाहेर आली. करडी, नखाएवढी. तिने ती बोटात धरली आणि सहज नख दाबलं. नखाचा खड्डा पडला.

"ताई," तिने मला हाक मारली. आवाज अगदी साधा होता, म्हणूनच मी हातातलं टाकून धावले.

चांदीला नखाने खड्डा पडत नाही, शिशाला पडतो. आम्ही दोघींनी मोबाईलचा उजेड आत सोडला. वरून चांदी, आणि तळाशी सबंध करडा, फोडाफोडांचा थर. कुणीतरी कधीतरी आतून धातू वितळवून, डाक लावून, भोक बुजवलेलं होतं. सिद्धीने निखिलला फोन लावला.

त्याला आधी काही समजेचना. मग म्हणाला, "तळ गळत होता म्हणून मागे कुणीतरी डाक मारून घेतलाय, असं तो दुकानदार म्हणाला होता. पण अत्तराच्या बाटलीला काय होतंय त्याने? त्या दिवशीपुरता मध घातलात ना? पुढे तुम्ही ती कपाटातच ठेवली असणार, असंच मला वाटलं."

सिद्धीने फोन बंद केला. ओटीवरून माईचा आवाज येत होता. निहारला मांडीवर घेऊन ती काहीतरी गुणगुणत होती. मध्येच थांबून तिने कुपी आणून दे म्हणून हाक दिली, "सिद्धी, धुवन जाली गो? हाड ती कुपी, हो रडटा."

सिद्धीने माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे कितीतरी दिवस तो काळानिळा होता. मला वाटलं, ही आता बाहेर जाऊन किंचाळणार. तिला तो हक्क होता. पण ती बाहेर गेली, माईच्या मांडीवरून निहारला उचललं आणि एवढंच म्हणाली, "डॉक्टरांकडे जायचंय."

कुपी आम्ही बरोबर नेली. डॉक्टर ज्योतींनी कुपीत रात्रभर ठेवलेलं पाणी तपासून घेतलं आणि सांगितलं की ह्यातलं एक चमचासुद्धा बाळाला फार होतं. आंबट-गोड काही घालून ठेवलं की शिसं त्यात उतरतं, आणि ते चवीला गोड लागतं. म्हणून मूल मागून मागून घेतं.

माईला कोण सांगणार, यावरून आम्ही तिघं हॉस्पिटलच्या आवारात भांडलो. शेवटी सिद्धेशनेच सांगितलं. मी शेजारी उभी होते. माईने सगळं नीट ऐकून घेतलं. ती रडेल, छाती बडवेल, असं मला वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "पूण तें रुपेंच मगो?" तेच तिने मला विचारलं, मग पुन्हा त्याला.

दुसऱ्या खेपेला निहार बरेच दिवस आत होता. माई हॉस्पिटलात आली नाही. घरी देवपूजा करायची, स्वयंपाक करायची, आमचे डबे भरून द्यायची. निहारची चौकशी करायची नाही. मी आपणहून सांगितलं तर ऐकायची. शांता एकदा मोठ्या उत्साहाने आली, आपलंच कसं खरं होतं ते सांगायला. तिला मी अशी हाकलली की ती अजून आमच्या अंगणातून जात नाही.

मला माईचा राग येत होता आणि माईसाठी जीव तुटत होता, दोन्ही एकाच वेळी. निखिलचा तर फक्त राग येत होता. सिद्धी मात्र निहारला पाजायची, पुसायची, आणि त्याच्यासमोर हात हलवून बघायची की त्याची नजर हाताबरोबर फिरते का. कधी फिरायची, कधी नाही.

मग तो घरी आला. अजून आधाराशिवाय बसत नव्हता, पण अंगावर जरा मांस आलं होतं. ह्या वेळी ओवाळायला कुणी दारात नव्हतं. माई आत ओट्याला टेकून उभी होती, पदराला हात पुसत. हात कोरडेच होते.

सिद्धी निहारला घेऊन सरळ आत गेली. "माई, बसा," ती म्हणाली.

"नाका गो बाय."

"बसा म्हणते ना."

माई पाटावर बसली. सिद्धीने निहारला तिच्या मांडीवर ठेवलं आणि मागे सरकली. मला तेव्हा ह्या पोरीच्या पाया पडावंसं वाटलं, मी वयाने मोठी असूनसुद्धा. माईचे हात अधांतरीच होते, त्याला लावू की नको असे. शेवटी तिने एक हात त्याच्या पाठीखाली घातला.

निहारने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याने ओळखलं. इतक्या दिवसांत त्याने कुणालाही इतकं लख्ख ओळखलं नव्हतं. तो हसला, मान वर केली, आणि आ वासून वाट बघत राहिला.

माईने दुसरा हात पदराखाली घेतला. निहार तसाच तोंड उघडून थांबला. मग त्याने तिचा पदर ओढला आणि पुन्हा तोंड उघडलं.

"घे गो ताका," माई म्हणाली. "घे. माजे कडेन कांय ना."

सिद्धीने त्याला उचललं. तो तिच्या खांद्यावरून माईकडे हात करून रडत राहिला.